टीएसएच वाढतोय, पण दोष थायरॉईडचाच आहे का?

आमच्या ओळखीतल्या एका खालांनी मागे त्यांची फाईल आमच्यापुढे ठेवली. वय साठीच्या जवळ, वजन ५५ किलो, थायरॉईडची गोळी पाच वर्षांपासून चालू. फाईल उलटी लावलेली, म्हणजे नवीन रिपोर्ट खाली आणि जुने वर. तारखेप्रमाणे लावून पाहिली तेव्हा एक गोष्ट लगेच दिसली. पहिली साडेतीन वर्षं ५० मायक्रोग्रॅमच्या गोळीवर टीएसएच ३ च्या आसपास. मग अचानक ९.८. डोस ७५ केला, तरी ८.१. मग १००, मग १२५. प्रत्येक वेळी खालांना एकच प्रश्न विचारला गेला, “गोळी रोज घेता ना?” आणि खाला खरंच रोज घेत होत्या, एक दिवस चुकवत नव्हत्या.

आम्ही विचारलं, “खाला, गोळी घेता कशी?”

त्या म्हणाल्या, “सकाळी उठले की सगळ्या गोळ्या तळहातावर घेते आणि चहाबरोबर एकदम गिळून टाकते. मग दिवसभर विसरायची भीती नाही.”

त्या तळहातावर थायरॉईडच्या गोळीसोबत कॅल्शियम होतं, लोहाची गोळी होती आणि ॲसिडिटीची एक कॅप्सूल होती. गुडघे दुखतात म्हणून कॅल्शियम आणि रक्त कमी आहे म्हणून लोह दीड वर्षापूर्वी सुरू झालं होतं. टीएसएचही नेमका तेव्हापासूनच वाढलेला. असे तळहात आपल्या घराघरात आहेत, म्हणून हा विषय जरा सविस्तर घेतोय.

टीएसएच म्हणजे नक्की काय

“मला थायरॉईड आहे” असं आपण सर्रास म्हणतो. थायरॉईड तर प्रत्येकाला असतो, ती गळ्यातली एक ग्रंथी आहे. ती टी-४ आणि थोडा टी-३ असे दोन हार्मोन बनवते. टीएसएच मात्र ती बनवत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो आणि त्याचं काम थायरॉईडला हुकूम देण्याचं. रक्तात टी-४ कमी पडला की पिट्युटरी आवाज चढवते, टीएसएच वाढतो. टी-४ जास्त झाला की पिट्युटरी गप्प बसते, टीएसएच घसरतो. म्हणून रिपोर्ट उलटा वाचायचा असतो. टीएसएच जास्त म्हणजे हार्मोन कमी, टीएसएच कमी म्हणजे हार्मोन जास्त. बहुतेक लॅबमध्ये नॉर्मल साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ पर्यंत धरतात. उतारवयात तो थोडा वर असला तरी चालतं, गरोदरपणात मात्र नाही. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आपण जी गोळी घेतो ती लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे टी-४च. ती शरीरात फार सावकाश झिजते, निम्मी व्हायला साधारण सात दिवस लागतात. म्हणून डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा रक्त देण्यात पैसे वाया जातात, रक्तातली पातळी तोवर स्थिरावलेलीच नसते. सहा ते आठ आठवडे थांबूनच तपासायचं. आणखी एक, टीएसएच दिवसभर सारखा नसतो. रात्री आणि पहाटे तो चढलेला असतो, दुपारी उतरलेला. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी दोनला रक्त दिलं, तर त्या दोन आकड्यांची तुलना नीट होत नाही. शक्यतो दरवेळी त्याच लॅबमध्ये, त्याच सुमारास रक्त द्या, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. गोळी घेऊन गेलात तर टीएसएच फारसा बदलत नाही, पण फ्री टी-४ काही तास वर दिसतो.

टीएसएचच्या जोडीला फ्री टी-४ असला की चित्र पुरं होतं. नुसता टी-४ म्हणजे टोटल, तो गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर आपोआप वाढलेला दिसतो, कारण रक्तात हार्मोन धरून ठेवणारं प्रथिन वाढतं. टी-३ची तपासणी गोळी घेणाऱ्या बहुतेक पेशंटला दरवेळी लागत नाही. अँटी-टीपीओ ही अँटीबॉडीची तपासणी एकदा पॉझिटिव्ह आली की कळतं, आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटली आहे. ती दर सहा महिन्यांनी पुन्हा करून आकडा कमी झाला का बघत बसण्यात अर्थ नाही, त्यावरून डोस ठरत नाही.

टीएसएच नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही

ही तक्रार आम्हाला सगळ्यात जास्त ऐकू येते. रिपोर्ट चांगला, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक, आणि बाईला मात्र जिना चढताना धाप लागते, केस गळतात, पायात मुंग्या येतात. घरचे म्हणतात, नखरे आहेत. नखरे नसतात ते. थायरॉईडचा आणि जीवनसत्त्वांच्या कमतरतेचा त्रास इतका सारखा असतो की एक दुसऱ्याच्या आड लपतो.

आधी बी-१२. आपल्या समाजात एक पक्का समज आहे, “आपण गोश्त खातो, आपल्याला बी-१२ कमी कसं पडेल?” पडतं. एक तर कित्येक घरांत गोश्त आठवड्यातून एकदा शिजतं, आणि वाढणारीच्या ताटात शेवटी रस्साच उरतो. दुसरं म्हणजे बी-१२ नुसतं खाऊन भागत नाही, ते आतड्यात शोषून घ्यायला जठरातून येणारं एक प्रथिन लागतं. ज्यांची प्रतिकारशक्ती थायरॉईडवर उलटते, त्यांच्यातल्या काहींत ती जठराच्या अस्तरावरही उलटते आणि ते प्रथिनच बनत नाही. मग रोज कलेजी खाल्ली तरी बी-१२ वर येत नाही, इंजेक्शन किंवा मोठ्या डोसची गोळी लागते. तिसरं, साखरेची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि ॲसिडिटीच्या कॅप्सूल रोज घेणाऱ्यांतही बी-१२ घटतं. रिपोर्टमध्ये २०० च्या खाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० च्या मधे असेल आणि मुंग्या, विसराळूपणा, जिभेची आग असं काही असेल, तर “नॉर्मलमध्ये बसतंय” म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. नुसतं फॉलिक ॲसिड घेऊन रक्त सुधारलेलं दिसतं, पण आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

मग लोह. इथे सगळे हिमोग्लोबिन बघतात. पण शरीरातला लोहाचा साठा दाखवतं ते फेरिटिन, आणि साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. हिमोग्लोबिन १२ आणि फेरिटिन ९ असे रिपोर्ट बायकांत दुर्मीळ नाहीत. पाळी जास्त जाणाऱ्या बाईत तर हे हमखास बघावं, कारण थायरॉईड कमी असला तरी पाळी जास्त जाते. म्हणजे थायरॉईडमुळे रक्त कमी, आणि रक्त कमी म्हणून थकवा, आणि तो थकवा पुन्हा थायरॉईडच्या खात्यावर. एक लक्षात ठेवा, ताप किंवा कुठलीही सूज असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसू शकतं.

व्हिटॅमिन डी बद्दल बोललं की काही लोक बुरख्याकडे बोट दाखवून विषय संपवतात. डी ची कमतरता भारतात सगळ्या समाजांत आहे, दिवसभर दुकानात नाहीतर ऑफिसात बसणाऱ्या पुरुषांतही आहे. गच्चीवर, अंगणात हातपाय उघडे ठेवून ऊन घेता येत असेल तर जरूर घ्यावं. तपासणी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी या नावाने करायची. २० च्या खाली म्हणजे कमतरता. त्यावर ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल देतात, ती बहुधा आठवड्यातून एकदा, काही आठवडेच. ती चुकून रोज घेणारे लोक आहेत! त्याने रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, किडनीला धोका पोचतो. आणि डी घेतल्याने थायरॉईडची गोळी सुटते, हे व्हॉट्सॲपवरचं बोलणं मनावर घेऊ नका.

गोळ्यांचं आपसातलं भांडण

आता पुन्हा खालांच्या तळहाताकडे. कॅल्शियम आणि लोह हे दोन्ही पोटात थायरॉईडच्या गोळीला चिकटतात, आणि चिकटलेली गोळी रक्तात न जाता तशीच बाहेर पडते. ॲसिडिटीच्या औषधाने जठरातलं आम्ल कमी होतं आणि गोळी नीट विरघळत नाही. दुधाचा चहा, कॉफी, सोयाबीन यांनीही शोषण घटतं. म्हणजे खाला १२५ची गोळी गिळत होत्या, पण त्यातली रक्तात किती जात होती ते अल्लाह जाणे. खरं तर ५५ किलो वजनाला ग्रंथी पूर्ण बंद पडली असती तरी ९० च्या आसपास डोस पुरला असता. आकडा त्याच्या पुढे गेला तेव्हाच कोणीतरी थबकायला हवं होतं.

नियम सोपा आहे. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, फक्त पाण्याबरोबर. चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम, लोह, आणि ज्यात ही दोन्ही असतात त्या मल्टीव्हिटॅमिनच्या गोळ्या, किमान चार तासांनी. फजरला उठणाऱ्यांची वेळ आयतीच ठरते. उठल्यावर गोळी, मग वुजू, नमाज, तिलावत, तोवर चहाची वेळ होतेच. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, लोह रात्री. या दोघांचंही आपसात पटत नाही, म्हणून त्यांनाही वेगळं ठेवा.

केसांच्या गोळ्यांचा किस्सा वेगळाच आहे. त्यात बायोटिन असतं, बऱ्याचदा ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या कित्येक पट. ते थायरॉईडला काही करत नाही, ते मशीनला फसवतं. काही लॅबच्या तपासणीची पद्धतच बायोटिनवर चालते, त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-४ खोटा जास्त येऊ शकतो. केस गळतात म्हणून बाईने गोळ्या घेतल्या, रिपोर्ट बघून डॉक्टरांनी थायरॉईडचा डोस कमी केला, आणि केस आणखी गळायला लागले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ सालीच याबद्दल सावध केलं होतं. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस अशा गोळ्या बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा, आणि लॅबमध्ये तसं सांगा.

पोटात बाळ असेल तर

इथे घाई करायला हवी. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर चालते. गोळी घेणाऱ्या बाईला या काळात साधारण पाव ते एक तृतीयांश डोस जास्त लागतो. म्हणून पाळी चुकली आणि तपासणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट बघू नका. टीएसएच २.५ च्या खाली ठेवायचा असतो आणि निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासायचा असतो. “बाळाला त्रास होईल” म्हणून सासू किंवा शेजारीण गोळी बंद करायला सांगते, ते अजिबात ऐकू नका. आणि याच काळात सरकारी दवाखान्यातून लोह-फॉलिक ॲसिड आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या घ्यायच्याच आहेत, फक्त थायरॉईडच्या गोळीपासून लांब.

रमजानमध्ये काय करायचं

गोळी महिनाभर बंद ठेवायची नाही. एखाद्या दिवशी चुकली तर लगेच काही बिघडत नाही, पण तीस दिवस फार झाले. सेहरीच्या अर्धा-पाऊण तास आधी घेता येते. तहज्जुदला उठणाऱ्यांना हे सोपं, बाकीच्यांनी गोळी आणि पाणी उशाशी ठेवावं. नाहीतर तरावीहनंतर, शेवटच्या खाण्याला तीन तास होऊ देऊन, झोपताना घ्यावी. मात्र मग मधे फळं, दूध, शरबत चालत राहायला नको. कॅल्शियम आणि लोह इफ्तारनंतर. कुठली वेळ धरायची ते रमजान लागण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि जी धराल ती महिनाभर पाळा.

एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, गोळी हलाल आहे का? पूर्वी हे औषध जनावरांच्या ग्रंथीपासून बनायचं, आणि परदेशात डुकराच्या ग्रंथीपासून बनणारी गोळी आजही विकली जाते. आपल्याकडे डॉक्टर लिहून देतात ते लिव्होथायरॉक्सिन मात्र कारखान्यात रसायनांपासून तयार होतं. व्हिटॅमिनच्या कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं. ज्यांना शंका वाटते त्यांनी तेच औषध पुडीत, थेंबात किंवा साध्या गोळीत मागावं, बहुतेकदा मिळतं.

खालांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या, आणि पाच-सहा आठवड्यांत छातीत धडधड सुरू झाली, रात्री झोप लागेना. कारण आता १२५ची पूर्ण गोळी अंगी लागत होती. टीएसएच आला ०.०५. डोस इतका जास्त राहिला तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि या वयात हाडं झिजतात, ज्या हाडांसाठी कॅल्शियम चालू केलं तीच. म्हणून वेळा बदलणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. खालांचा डोस डॉक्टरांनी आधी ७५ वर आणला, मग ५० वर. शेवटचा टीएसएच २.६ आहे. गोळी तीच, पाच वर्षांपूर्वीची.