सातबारा गहाण न ठेवता पीएचडी

मावळातल्या पॉलिहाउसमधला गुलाब हॉलंडच्या बाजारात जातो, याचं आता आपल्याला नवल वाटत नाही. मग शेतीशास्त्र शिकलेली इथली मुलगी तिथल्या विद्यापीठात संशोधनाला का जाऊ नये? असं मी विचारलं की कामशेत-वडगावकडचे आईबाप म्हणतात, "भाई, जमीन विकावी लागेल हो!"

परदेशात एम.एस्सी. करायची तर फी आणि कर्ज आलंच. पण नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुतेक वेळा चक्क नोकरी असते. विद्यापीठ जागेची जाहिरात देतं, अर्ज मागवतं, मुलाखत घेतं. निवड झाली की साधारण चार वर्षांचा करार आणि दरमहा पगार. सुरुवातीलाच तो कर कापण्यापूर्वी सुमारे तीन हजार युरो असतो. पहिल्या वर्षानंतर कामाचा आढावा घेऊन करार पुढे चालू ठेवतात.

विषय म्हणाल तर आपल्या दारातच आहेत. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं 1987 साली इंद्रायणी वाण दिलं. भात, फुलं, माती यांचा अभ्यास करायचा तर वाखेनिंगेन. घाटात दरवर्षी दरडी कोसळतात. उपग्रहाच्या चित्रांवरून अशा धोक्यांचे नकाशे करण्याचं शास्त्र एन्स्खेडे इथल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या आयटीसी संस्थेत आहे. लोणावळ्याच्या धरणांसारख्या पाण्याच्या कामांसाठी डेल्फ्ट. आणि कार्ला-भाजे लेण्यांची ओढ असलेल्या कलाशाखेच्या मुलांनी 1575 साली स्थापन झालेलं लायडन विसरू नये.

अर्थात दार उघडं असलं तरी उंबरठा उंच आहे. माझ्यासारख्या नुसत्या बी.ए.ला तिथं प्रवेश नाही. पदव्युत्तर पदवी हवी, इंग्रजी चांगलं हवं. एकेका जागेला जगभरातून अर्ज येतात. सगळ्यांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा त्या जागेचा विषय आपण का घ्यावा, हे एका पानात नेमकं लिहावं. सगळ्याच जागा पगारी नसतात. काही शिष्यवृत्तीच्या, काही स्वखर्चाच्या. म्हणून जाहिरातीत करार कसला आहे, ते आधी पाहावं. 'अकॅडेमिक ट्रान्सफर' या संकेतस्थळावर या जाहिराती फुकट वाचता येतात. त्यासाठी एजंटाला पैसे देण्याची गरज नाही.

शेवटची परीक्षा मात्र मोठी देखणी. भर सभेत परीक्षक प्रश्न विचारत असतात. ठरलेली वेळ भरली की दंडधारी सेवक आत येतो आणि लॅटिनमध्ये पुकारतो, 'होरा एस्ट', म्हणजे वेळ झाली! हा 'होरा' आपल्या ज्योतिषातल्या होऱ्याचाच भाऊबंद. दोघांचं मूळ ग्रीक. तो पुकारा होईपर्यंत आपल्या मुलीनं चार वर्षं पगार घेतलेला असतो, आणि घरच्या सातबाऱ्यावर बोजा चढलेला नसतो.