अचलपूरचा डास

एडिस डासाच्या अंड्यांचा विषय आज घ्यायचा ठरला होता. दादरच्या एका वाचक बाईंच्या पत्राने तो आठवडाभर पुढे ढकलला. त्या विचारतात, ‘डास गटारात होतात ना? मग पालिकेची माणसं आमच्या गच्चीवरच्या टाकीत काय शोधतात? ते पाणी तर आम्ही पितो!’

पितात, म्हणूनच शोधतात.

गटार मानवतं ते क्युलेक्सला. रात्री कानाशी गुणगुणणारा बहुतेक तोच. मुंबईत हिवताप पसरवणारी अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्साय ही जात मात्र सोवळ्यातली. तिला अंडी घालायला स्वच्छ, स्थिर पाणी लागतं. तिचं बारसंही आपल्याकडेच झालं. ग्लेन लिस्टन या लष्करी डॉक्टरने एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, छावणीत डासांचा अभ्यास केला, १९०१ साली या जातीचं वर्णन छापलं आणि हिवतापाचे अभ्यासक स्टीफन्स यांचं नाव तिला दिलं. पुढे मुंबईत प्लेगच्या वेळी उंदरांवरच्या पिसवांचा माग काढणारे लिस्टन ते हेच.

१९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला. त्यात बोट होतं घरोघरच्या विहिरींवर. विहिरी बुजवा नाहीतर झाका, असा पालिकेचा हुकूम निघाला आणि शहरात कल्लोळ उठला. विहिरीत देवता राहतात, पीर राहतात, त्यांना कोंडायचं कसं? पुढे मुंबईचे पालिका आयुक्त झालेल्या रुस्तम मसानींनी या तक्रारी नुसत्या फायलीत लावल्या नाहीत. त्यांतून १९१८ मध्ये त्यांचं विहिरींच्या लोककथांवरचं इंग्रजी पुस्तक उभं राहिलं. डासांच्या भांडणातून इतकं रसाळ पुस्तक दुसरं निघालं नसावं.

विहिरी कमी झाल्या, इमारती वाढल्या, टाक्या गच्चीवर गेल्या. त्यांच्यामागोमाग स्टीफेन्सायही वर चढली.

आता ती समुद्रापार गेली आहे. आफ्रिकेतले हिवतापाचे मुख्य डास पावसाच्या डबक्यांतले, त्यामुळे तिथल्या शहरांना थोडी सूट होती. २०१२ मध्ये जिबूती शहरात स्टीफेन्साय सापडली. ती साठवणीच्या पाण्यावर कोरडा ऋतूही काढते. त्या वर्षी त्या देशात हिवतापाचे रुग्ण होते अवघे २७. २०२० मध्ये ते ७३ हजारांवर गेले. मधल्या काळात इथिओपियातही ती सापडली.

टाकीला घट्ट झाकण, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आणि तपासणीसाठी पक्की शिडी, असा आग्रह पालिका धरते तो यासाठी. शिडी बहुतेक सोसायट्यांना खर्चाची बाब वाटते, पण शिडीच नसेल तर झाकण उघडून बघणार कोण? पत्रलेखिकेने सेक्रेटरींना एकदा वर चढवावं. पाण्याच्या पृष्ठभागालगत आडव्या पडलेल्या अळ्या दिसल्या, तर त्या अ‍ॅनोफिलिसच्या. डोकं खाली करून तिरक्या लटकत असतील, तर क्युलेक्सच्या किंवा एडिसच्या. एडिसची पाळी पुढच्या आठवड्यात.