नव्याकडून जुन्याकडे: पहिला पोकेमॉन खेळताना

कोणते खेळ? 'रेड' आणि 'ग्रीन'. जपान, 27 फेब्रुवारी 1996, गेम बॉय. अमेरिकेत 1998 मध्ये 'रेड' आणि 'ब्लू'. पिकाचू मागे मागे चालतो तो 'यलो' नंतरचा. निर्माते सातोशी ताजिरी. लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद, त्यातूनच ही कल्पना.

संख्या: पोकेमॉन 151, टाइप 15. डार्क आणि स्टील 1999 मध्ये आले, फेअरी 2013 मध्ये.

इथे नाही ते: धावणं (2002 पासून), अंडी, पोकेमॉनच्या हातातली वस्तू. स्पेशल अटॅक आणि स्पेशल डिफेन्स वेगळे नाहीत. 'स्पेशल' हा एकच आकडा. टीएम एकदा वापरला की संपला.

पिशवी आणि बॉक्स: पिशवीत 20 प्रकारच्या वस्तू. पीसीवर 12 बॉक्स, प्रत्येकात 20 पोकेमॉन. बॉक्स आपोआप बदलत नाही. तो भरलेला असेल आणि सोबतचे सहाही असतील, तर समोर दुर्मीळ पोकेमॉन उभा असतानाही बॉल फेकता येत नाही. आधी पीसी गाठायचा, बॉक्स बदलायचा. (तोवर तो थांबत नाही, हे सांगायला नको.)

प्रसिद्ध चुका:
- सॅफ्रन सिटीच्या जिममध्ये सांगतात, सायकिक पोकेमॉन भुतांना घाबरतात. प्रत्यक्षात घोस्ट चालीचा त्यांच्यावर शून्य परिणाम.
- 'फोकस एनर्जी'ने क्रिटिकल हिटची शक्यता वाढायला हवी, ती घटते.
- 100 टक्के अचूक चालही 256 पैकी एकदा चुकते.

रीमेक: 'फायररेड' आणि 'लीफग्रीन', 2004. यांत धावता येतं.