चालता-बोलता जावं!

लातूर-नांदेडकडच्या कुठल्याही पारावर एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी मरणाचा विषय काढा. ‘मरणाला काय भ्यायचं? पिकलं पान गळणारच,’ असं उत्तर येतं आणि लगेच पुढचं वाक्य येतं : ‘फक्त चालता-बोलता जावं. खाटेवर पडून कुणाला तरास नको.’ मानसशास्त्राने बऱ्याच खटपटीने वेगळं केलेलं सत्य या दोन वाक्यांत आहे. आपण नसण्याची भीती वेगळी, मरताना होणाऱ्या हालांची वेगळी, आणि आपल्या माणसांचं मरण पाहण्याची तर आणखी वेगळी. १९६९ साली कोलेट आणि लेस्टर या अभ्यासकांनी या भीती स्वतंत्रपणे मोजणारी प्रश्नावली तयार केली. एकाच माणसात यातली एक भीती अगदी थोडी आणि दुसरी पुष्कळ असू शकते. म्हणून ‘मी मरणाला भीत नाही’ हे बोलणं खोटं नसतं, पण ते अपुरं असतं.

किती अपुरं, ते लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या परिसराने सोसून पाहिलं आहे. १९९२ च्या ऑक्टोबरातच तिथे भूकंपाचे धक्के बसले होते. लोक घाबरले, मग हळूहळू सरावले. धोका पुन्हापुन्हा येऊन काही न करता निघून गेला, की मेंदू त्याची दखल घेणं कमी करतो. बाहेरून हे धाडस वाटतं, पण ती निव्वळ सवय असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली असताना, ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरचा माळवदाचा जाड मातीचा थर झोपलेल्या माणसांवर कोसळला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली.

वाचलेल्यांपैकी कितीतरी जणांनी त्यानंतर दगडाच्या घराचा धसकाच घेतला. नवं पक्कं घर मिळालं, तरी शेजारी पत्र्याचं शेड टाकून लोक त्यात झोपत. ‘ज्याची वेळ आली तो गेला’ असं म्हणणारी तोंडं आणि छताखाली न मिटणारे डोळे एकाच माणसाचे होते. यात ढोंग काहीच नव्हतं. श्रद्धा आणि समजूत भाषेत राहतात. धसका राहतो मेंदूच्या आत, बदामाएवढ्या अमिग्डाला या भागाशी जोडलेल्या यंत्रणेत. गडगडाट, हादरा, मातीचा वास यांची गाठ ती जिवावरच्या प्रसंगाशी बांधते आणि पुढच्या वेळी विचार जागा होण्याआधीच छाती धडधडू लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भूकंपग्रस्तांच्या आरोग्याचा, विशेषतः मानसिक आरोग्याचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा त्याची धुरा मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांच्याकडे होती. रंगभूमीवरचे आगाशे सगळ्यांना ठाऊक आहेत. हे काम मराठी वाचकांनी तितकंच लक्षात ठेवायला हवं. २१ मार्च २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि तो नांदेडपर्यंत जाणवला, तेव्हाही माणसं घराबाहेर धावलीच.

मग अमिग्डालाच नसेल तर? अमेरिकेतल्या आयोवा इथे अशा एका स्त्रीचा अनेक वर्षं अभ्यास झाला. दुर्मीळ आजाराने तिच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी झाले होते. साप हातात घेताना तिला भीती वाटली नाही. मानेला सुरा लावला गेला तेव्हाही नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास दिला. ती प्रचंड घाबरली, जीव गुदमरतोय म्हणून धडपडली. अमिग्डाला निकामी असलेल्या आणखी दोन रुग्णांचंही तेच झालं. बाहेरच्या धोक्याची भीती पुसली जाऊ शकते, पण श्वास कोंडल्याची हाक शरीराच्या आतून, दुसऱ्याच वाटेने येते. समूळ निर्भय माणूस शोधायला निघालेल्यांना या प्रयोगाने दिलेलं उत्तर मला निर्णायक वाटतं.

तत्त्वज्ञानाने तरी भीती जाते का? ‘मी’ असं काही नसतंच, अशी शिकवण घेतलेल्या तिबेटी भिक्खूंना २०१८ च्या एका अभ्यासात मरणाबद्दल विचारलं गेलं. आपण उरणारच नाही, ही भीती त्यांच्यात हिंदू, ख्रिस्ती आणि संसारी बौद्ध लोकांपेक्षा जास्त निघाली. हे भिक्खू दीर्घ ध्यानसाधना केलेले नव्हते, हे लक्षात घ्यायलाच हवं. तरीही एवढं दिसतं की शिकवण पटणं आणि ती अंगी मुरणं यांत मोठं अंतर आहे.

ज्यांनी ते अंतर ओलांडलं, त्यांची आठवण नांदेडने जपली आहे. गुरू गोविंदसिंगजींवर इथे प्राणघातक हल्ला झाला आणि १७०८ च्या ऑक्टोबरात त्यांनी देह ठेवला. त्याआधी त्यांनी गुरुपद ग्रंथसाहिबकडे सोपवून मागची व्यवस्था पूर्ण केली होती. आपल्यासारख्या साध्या माणसांच्या मनात मात्र शेवटी दोन घोर असतात : मागे काय होईल, आणि जाताना किती हाल होतील.

या दुसऱ्या भीतीवर निदान उपाय आहे. वेदना कमी करणारी औषधं आहेत. मरणासन्न अवस्थेत कोणते उपचार आपल्यावर करू नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली : दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. घरातलं वडीलधारं माणूस ‘चालता-बोलता जावं’ म्हणालं, तर ‘असं अभद्र बोलू नका’ म्हणून त्याला गप्प करू नका. शेजारी बसा, त्याला नेमकं काय नको आहे ते विचारा, आणि लिहून घ्या.