आधी खोली ऐकावी

घरच्या रेकॉर्डिंगचा आवाज खराब येतोय म्हणून कुणी विचारायला आलं, की मी पहिलं काम एकच सांगतो. काही बोलू नका, काही गाऊ नका, नुसतं एक मिनिट रेकॉर्ड करा. माईक नेहमीच्या जागी, गेन नेहमीइतकाच आणि आपण गप्प. मग हेडफोन लावून ते मिनिट मोठ्या आवाजात ऐका. नवा माईक घ्यायचा विचार त्यानंतर, आणि बहुतेकदा तो घ्यावा लागत नाही.

बंगळुरूतल्या मराठी घरांतली दुसरी बेडरूम हल्ली अशा कामाला लागली आहे. कुणी लहान मुलांसाठी गोष्टी वाचून ठेवतं, कुणी पॉडकास्ट करतं, कुणी पुण्याला किंवा धारवाडला गुरूंकडे रियाज पाठवतं. सामान साधारण सगळ्यांचं सारखंच असतं: एक कंडेन्सर माईक, एक छोटा इंटरफेस, लॅपटॉप. आणि तक्रारीही सारख्याच: आवाज लांबून येतो, डब्यातून आल्यासारखा वाटतो, मागे काहीतरी गुणगुणत राहतं.

त्या एका मिनिटात सगळ्यात आधी ऐकू येतो पंखा. या बाबतीत बंगळुरू मुंबईपेक्षा फार दयाळू आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर असल्यामुळे वर्षातले बरेच महिने पंखा बंद करून तासभर बसता येतं. मग स्वयंपाकघरातला फ्रिज, खालच्या पाण्याच्या टँकरची मोटर, वरच्या मजल्यावर सरकलेली खुर्ची. खुर्चीचा आवाज हवेतून येत नाही, तो स्लॅबमधून भिंतीत आणि भिंतीतून माईकच्या स्टँडमध्ये उतरतो. म्हणून स्टँडखाली जाड रबर किंवा दुमडलेली सतरंजी ठेवली की तो बराच कमी होतो. पूर्वेकडे विमानपुरा, मारतहळ्ळीच्या बाजूला राहणाऱ्यांना विमानंही ऐकू येतात. एचएएलच्या विमानतळावरची नेहमीची प्रवासी उड्डाणं २००८ मध्ये देवनहळ्ळीला गेली, पण ती धावपट्टी बंद झालेली नाही. विमानाला उपाय नाही, थांबायचं आणि ते वाक्य पुन्हा घ्यायचं.

हे बाहेरचे आवाज वजा केल्यावर जे उरतं, ते बारकाईने ऐकायचं. ते तीन प्रकारचं असतं आणि प्रत्येकाचं मूळ वेगळं असतं.

खालच्या पट्टीतली, तंबोऱ्याच्या खर्जासारखी एकसुरी ‘घूं’ असेल तर ती घरातली वीज आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणून हा आवाज ५० हर्ट्झवर आणि त्याच्या दुपटीवर, १०० हर्ट्झवर बसतो. त्याऐवजी ‘झर्र’ असा, माशी काचेवर आपटत असल्यासारखा चिरका आवाज असेल, तर वीज तीच, पण तिचा हेलकावा कुठेतरी तुटतो आहे. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवा, लॅपटॉपचा चार्जर किंवा स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर यांपैकी एखादा त्यामागे असतो. आणि पावसासारखी मऊ ‘सूं’ असेल, तर विजेचा काही दोष नाही, गेन गरजेपेक्षा जास्त उघडला आहे.

विजेचा दोष शोधायची रीत सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. इंटरफेस यूएसबीवर चालणारा असेल, तर आता सगळा संच घरच्या विजेपासून सुटला. आवाज गेला तर दोष चार्जरच्या वाटेने येत होता. नाही गेला, तर खोलीतली एकेक वस्तू बंद करत जा. रेग्युलेटर, दिवा, राउटर, फोन. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने गुण आला ते कळत नाही आणि चार दिवसांनी तोच आवाज परत आला की शोध पहिल्यापासून करावा लागतो.

अर्थिंगबद्दल मात्र गंभीरपणे सांगायला हवं. जुन्या भाड्याच्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे कधीकधी तारच नसते. मग उपकरणांच्या धातूच्या कवचावर जमलेली वीज जायला वाट शोधते आणि ती वाट तुमच्या केबलमधून जाते. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थ तपासून घ्या. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन कापायचा सल्ला अनेकजण देतात. तो ऐकू नका. गाणारा माणूस धातूच्या माईकजवळ ओठ नेतो, तिथे अर्थ नसणं हा जिवाशी खेळ आहे. त्याऐवजी सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, म्हणजे दोन ठिकाणच्या अर्थमध्ये फरक राहत नाही. केबल तीन पिनांची, बॅलन्स्ड घ्या. तिच्यात तोच आवाज दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो. वाटेत शिरलेली गुणगुण मात्र दोन्हींत सारखीच असते, त्यामुळे पलीकडे एकातून दुसरं वजा केलं की गुणगुण जाते आणि आवाज राहतो. एसपी रोडच्या दुकानांत चांगले कनेक्टर आणि तार सुटी मिळते, आणि स्वतः डाग दिलेली केबल वर्षानुवर्षं टिकते.

आता टाळी वाजवा. रिकाम्या खोलीच्या मध्यभागी उभं राहून एकच कोरडी टाळी. मागे ‘झिंग’ असा धातूसारखा आवाज उमटला, तर खरा दोष सापडला. समोरासमोरच्या दोन भिंती १० फुटांवर असतील, तर आवाजाला जाऊन परत यायला सेकंदाचा साधारण छप्पन्नावा भाग लागतो. टाळी त्या भिंतींमध्ये सेकंदाला छप्पन्न वेळा ये-जा करते आणि तो ‘झिंग’ होतो.

खोलीत आवाज घुमण्याचं शास्त्र उश्यांपासून सुरू झालं आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काहीच कळेना, म्हणून वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला काम दिलं गेलं. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या उश्या रात्री उचलून आणल्या, त्या थोड्या थोड्या मांडल्या आणि ऑर्गनची नळी बंद केल्यावर आवाज किती वेळ घुमतो ते दर वेळी मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण. आपली १० बाय ११ ची, १० फूट उंचीची बेडरूम म्हणजे सुमारे ३१ घनमीटर. भिंतीला रंग, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर स्लॅब, म्हणजे सगळं मिळून शोषण जेमतेम दीड चौरस मीटर. कागदावर उत्तर येतं तीन सेकंदांच्या वर. प्रत्यक्षात दार, खिडकी, माणूस यांमुळे ते कमी होतं, पण बोलण्याच्या रेकॉर्डिंगला ०.४ सेकंदाच्या आसपास हवं. त्यासाठी साडेबारा चौरस मीटर शोषण लागतं. सोफ्यावरच्या दोन उश्यांनी ते काम होणार नाही हे आकडेच सांगतात.

मग लोक इंचभर जाडीचे काळे फोमचे तुकडे भिंतीला चिकटवतात, कुणी अंड्यांचे ट्रे लावतात. ‘झिंग’ जातो, पण आवाज आता डब्यातला वाटायला लागतो. असं का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. आवाज म्हणजे हवेची पुढेमागे हालचाल. कापूस किंवा फोम ती हालचाल अडवून तिची ऊब करतो. पण भिंतीला अगदी चिकटून हवा हलूच शकत नाही. ती सगळ्यात जास्त हलते भिंतीपासून लहरीच्या पाव लांबीवर. ‘स’, ‘श’ यांच्या सुसाटाची लहर काही सेंटीमीटरांची असते, ती इंचभर फोमात सापडते. १०० हर्ट्झच्या लहरीची पाव लांबी होते सुमारे ८६ सेंटीमीटर. ती फोमला दाद देत नाही. वरचा भाग मेला, खालचा तसाच राहिला, म्हणून डबा.

वर आणखी एक अडचण आहे. १० फुटांच्या अंतरात ५६ हर्ट्झची अर्धी लहर आणि ११३ हर्ट्झची पूर्ण लहर नेमकी बसते आणि त्या ठिकाणी खोली स्वतःच गाऊ लागते. आपल्या खोलीची रुंदीही १० आणि उंचीही १०, म्हणजे तोच सूर दोनदा फुगतो. पुरुषाचा बोलण्याचा आवाज याच ११३ च्या आसपास असतो. त्यात खोलीच्या मधोमध बसलं, की ही ११३ ची लहर तिथे सगळ्यात जोरात ऐकू येते. म्हणून मध्यावर बसू नका. एका भिंतीपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर सरका. फुकटात मिळणारी सर्वात मोठी सुधारणा हीच, असा माझा अनुभव आहे.

शोषणासाठी जाडी हवी आणि मागे हवेची पोकळी हवी. सुताराकडून दोन बाय चार फुटांच्या चौकटी करून घ्या, त्यात ४८ किलो घनतेचं, चार इंच जाडीचं रॉकवूल भरा, वरून श्वास घेणारं कापड लावा आणि त्या भिंतीपासून तीन-चार इंच पुढे टांगा. कापड चिकपेटेत मिळतं. ओठाशी धरून फुंकर मारा, पलीकडे गेली तर ते चालेल. भरताना मास्क आणि हातमोजे हवेत. अशा आठ चौकटी, गादी, जाड पडदा, एवढ्यावर खोली बरीच माणसात येते. पहिल्या दोन चौकटी गाणाऱ्याच्या मागे लावा, कारण माईकचं तोंड त्या भिंतीकडे असतं. खर्च करायचा नसेल तर कापसाची गादी भिंतीपासून थोडी लांब उभी करा, समोर दोरीवर दुहेरी गोधडी टाका आणि कपड्यांनी भरलेल्या कपाटाची दारं उघडी ठेवा. आजीच्या हातची जाड गोधडी विकतच्या इंचभर फोमपेक्षा निश्चित चांगलं काम करते.

खोली शांत झाली, की माईकचं अंतर. तोंड आणि माईक यांमधलं अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा आवाज मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. बोलण्यासाठी एक वीत अंतर धरा. चार बोटांवर आलात तर एकाच दिशेने ऐकणारे माईक खर्ज फुगवतात. गाणाऱ्याला दीड-दोन विती लागतात, कारण तान घेताना मान हलते. गेन असा ठेवा की सर्वात मोठा सूर उणे १२ च्या आसपास जाईल. शून्यावर आपटलेला सूर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही, आणि २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना थोडं हळू राहिल्याने काही बिघडत नाही.

मराठीला एक खास त्रास आहे. ख, घ, ठ, भ, फ ही महाप्राण अक्षरं म्हणजे प्रत्येक वेळी हवेचा झोत. तळहात तोंडापुढे धरून ‘पाट’ म्हणा आणि मग ‘फाटक’ म्हणा, फरक हाताला कळेल. इंग्रजी वाचनासाठी लावलेला माईक ‘भाकरीबरोबर भरपूर भोपळ्याचं भरीत’ म्हटल्यावर फट्फट् वाजतो. माईक तोंडासमोरून काढून गालाच्या रेषेत, थोडा तिरका ठेवा. झोत सरळ जातो, आवाज सगळीकडे पसरतो, त्यामुळे झोत चुकतो आणि आवाज मिळतो. मध्ये भरतकामाच्या रिंगवर ताणलेला नायलॉनचा मोजा लावला तरी पुरे.

तबल्याला माईक लावताना मला दर वेळी याच शहरातले सी. व्ही. रामन आठवतात. भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक असताना, १९३४ मध्ये, त्यांनी आपल्या चर्मवाद्यांवर निबंध लिहिला. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर बेसूर असतात, पण शाईच्या वजनामुळे आपल्या वाद्याचे पहिले पाच स्वर एकमेकांशी सुरात बसतात, हे त्यांनी दाखवलं. कातडं प्रत्येक स्वरासाठी वेगळ्या आकारात हलतं. माईक शाईवर बोटभर अंतरावर धरला तर त्यातला एखादाच आकार मोठा ऐकू येतो आणि तबला डब्यासारखा वाजतो. दीड-दोन विती वर, किंचित किनारीकडे रोखून धरला की सगळे स्वर मिसळून पोचतात.

संगणकातले दोष त्या मानाने चटकन सुटतात. मधूनच टिक् टिक् येत असेल तर बफर १२८ वरून ५१२ करा आणि स्वतःचा आवाज इंटरफेसमधून थेट ऐका. पावसाळ्यात माईकच कडकडत असेल तर तो दमट झाला आहे, सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवा. एक चूक गाणाऱ्यांना फार छळते: ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलेली फाइल ४४.१ समजून वाजवली, तर सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने खाली येतो. काळी एकचा सा पांढरी एकच्याही खाली जातो आणि दहा मिनिटांचा ख्याल १० मिनिटं ५३ सेकंदांचा होतो. आवाज बसलाय असं वाटलं तर घड्याळ बघा.

आणि गोंगाट काढणारं सॉफ्टवेअर शेवटी, तेही बोलण्यावरच वापरा. ही सॉफ्टवेअरं गोंगाट ओळखतात ते तो न थांबता सारखा वाजतो म्हणून. तंबोराही तसाच वाजतो. ओळखीतल्या एका गायिकेने पुण्याला रियाज पाठवला, तेव्हा गुरूंनी विचारलं, ‘तंबोरा न लावता का गायलीस?’ तंबोरा लावलेला होता. फोनच्या ॲपने तो पंख्याबरोबर पुसून टाकला होता. ॲपमधला तो पर्याय बंद केला, पंखा हाताने बंद केला आणि तीच बंदिश तिने परत गायली, तेव्हा जवारी पुण्यापर्यंत स्वच्छ पोचली.