बोर्डाचा बुधवार

जिल्हा रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, दर बुधवारी दिव्यांगांना दाखला देणारं बोर्ड बसतं. लिफ्ट आहे, पण तिच्या दारात स्टूल आडवं टाकून वर ‘बंद’ अशी पाटी लावलेली आहे. दिव्यांगांचं बोर्ड वरच्या मजल्यावर ठेवायची कल्पना कुणाची, हे विचारायला आज इथं कुणाला फुरसत नाही. साडेनऊ वाजलेत. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, काळे चष्मे, आईच्या कडेवर न मावणारी मुलं. पार्किन्सन्स गटाच्या ताईंची माणसं या गर्दीत उठून दिसत नाहीत. लांबून पाहिलं तर धडधाकट वाटतात, आणि त्यांची खरी अडचण तीच आहे.

ताईंच्या यजमानांना पार्किन्सन्स होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या स्वमदत गटात रुग्णाला ‘शुभार्थी’ म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’. आज ताईंनी दोन शुभार्थी आणलेत: एसटीतून निवृत्त झालेले अडुसष्ट वर्षांचे आण्णा आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाई. मी नुसता बघायला आलोय, पण ताईंनी माझ्या हातात फायलींची पिशवी दिलीच.

खालच्या व्हरांड्यात आण्णा थांबलेत. म्हणजे थांबायचं त्यांच्या मनात नाही, पाय उचलत नाहीयेत. धड पुढं झुकलंय, टाचा उचलल्यात, पाऊल मात्र फरशीला खिळल्यासारखं. मागून स्ट्रेचर येतंय, वॉर्डबॉय ओरडतोय, “ओ आजोबा, बाजूला व्हा की!” ओरडण्यानं पाय आणखीच घट्ट होतो. मुलगा घाई न करता वडिलांच्या पायापुढं काठी आडवी धरतो. आण्णा काठीकडं बघतात आणि ती ओलांडतात. पुढचं पाऊल आपसूक पडतं. जिन्याशी आल्यावर तर कठड्याला हात लावून ते भराभर वर चढतात. वॉर्डबॉय हसतो. “जिना चढतोय की पळत! कशाला सर्टिफिकेट काढताय?”

खोटेपणाचा संशय इथंच जन्माला येतो. आपण चालतो ते विचार न करता. मेंदूत ती सवय सांभाळणाऱ्या यंत्रणेला डोपामिन लागतं आणि या आजारात ते बनवणाऱ्या पेशी मरत जातात. सपाट फरशीवर पायाला आज्ञा मिळत नाही. पण समोर पायरीची कड दिसली, आडवी रेघ दिसली, की डोळा वेगळ्या वाटेनं पायाला चालवतो. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनर तरुणीनं आपल्या काकांचं हेच पाहिलं होतं आणि सपाट जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असं चित्र अंथरून त्यांना चालवून दाखवलं होतं. वॉर्डबॉयला हे कोण सांगणार? ताई सांगतात. तो मान डोलावतो आणि स्ट्रेचर ढकलत निघून जातो.

वर बाकावर बाई घड्याळ बघतायत. चेहऱ्यावर काहीच हलत नाही. हाही आजारच, चेहऱ्याचे स्नायू ताठरतात आणि लोकांना वाटतं बाई तुसड्या आहेत. वर्गातल्या पोरांनाही आधी तसंच वाटायचं, त्या सांगतात. मग फळ्यावरचं अक्षर ओळीगणिक बारीक होत गेलं, मागच्या बाकावरून दिसेनासं झालं आणि एका पालकानं हेडमास्तरांकडं तक्रार केली. आता शाळेनं दाखला मागितलाय. कायदा बाईंच्या बाजूनं आहे. 1995च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते. 2016च्या कायद्यानं ते एकवीस केले आणि त्यात पार्किन्सन्सचं नाव स्पष्ट छापलं. त्याच कायद्याचं कलम 20 सांगतं की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी नोकराला काढता येत नाही, खालच्या पदावरही ढकलता येत नाही. पण कलम दाखवायचं तर आधी दाखला हवा, आणि दाखल्यावर टक्के असतात. चाळीसच्या खाली पांढरं कार्ड, चाळीसपासून पिवळं, ऐंशीपासून निळं. बहुतेक सवलती पिवळ्यापासून सुरू होतात.

“आठची गोळी साडेअकराला उतरते,” बाई हळू आवाजात म्हणतात. आवाजही आजारानं खाली गेलाय, मला वाकून ऐकावं लागतं. “बोर्ड साडेअकराला बसलं तर मी त्यांना खरी दिसेन.”

गोळी म्हणजे लेव्होडोपा. पोटात गेली की अर्ध्यापाऊण तासात चढते. मग हात मोकळा होतो, पाय उचलतो, बाई वर्ग घेतात, पोळ्या लाटतात. तीन-साडेतीन तासांनी उतरते, मग ब्लाउजचं बटणही लागत नाही. ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ हे दोनच ऋतू, दिवसातून चार-चार वेळा येणारे. सरकारला मात्र एकच आकडा हवा आहे, आणि तो कुठल्या ऋतूत मोजायचा हे बाकावरच्या कुणालाच माहीत नाही.

खिडकीशी वेगळीच अडचण उभी राहते. अर्जावरची आण्णांची सही पॅन कार्डावरच्या सहीशी जुळत नाही. तिकडं ऐसपैस सही आहे, इकडं मुंगीएवढी रेघ. “अंगठा द्या,” कारकून म्हणतो. अंगठा यंत्रावर थरथरतो. यंत्र तीनदा नाही म्हणतं. “स्थिर ठेवा ना आजोबा.” आण्णा कसनुसं हसतात. “स्थिर ऱ्हायला असता तर हितं कशाला आलो असतो, साहेब?” कारकूनही हसतो, उठून त्यांचा अंगठा स्वतः दाबून धरतो. काम होतं.

पावणेबारा वाजले तरी बोर्डाचा पत्ता नाही. डॉक्टर ओपीडीत अडकलेत. बाईंची आठची गोळी उतरलीय. उजवा हात मांडीवर एका लयीत हलतोय, मान आखडलीय. बाराच्या गोळीची डबी त्यांच्या यजमानांच्या हातात आहे. शेजारचा माणूस, दाखल्यांच्या कामात मुरलेला दिसतोय, पुढं झुकून सांगतो, “आता घेऊच नका. आत जाऊन एकदा पडा. टक्के मिळतील.” ताई ताडकन म्हणतात, “अजिबात नाही.” लेव्होडोपा मनानं एकदम थांबवली तर अंग लाकडासारखं होऊन ताप चढू शकतो, जीवावर बेतू शकतं, हे त्या गटात प्रत्येकाला पढवतात. यजमान बाईंकडं बघतात. बाराला बाई हात पुढं करतात. “द्या. आत गेल्यावर सही करायचीय. हात चालला पाहिजे.”

आपल्याला लिहिता येत नाही असं सांगणाऱ्या अर्जावर सही करण्यासाठी गोळी! यावर आणखी काही बोलायची गरज मला वाटत नाही.

साडेबाराला आण्णांचं नाव पुकारतात. दाराच्या उंबऱ्यातच त्यांचे पाय पुन्हा अडतात. मुलगा काठी आडवी धरतो. टेबलामागच्या फिजिशियनबाई मान वर करतात, खुर्चीतून उठून दारापर्यंत येतात आणि पाहत राहतात. मनगट फिरवून बघतात, मूठ उघडमीट करायला लावतात, मागून खांदे किंचित ओढून तोल तपासतात. आण्णा मागं कोसळतात, त्या सावरतात. टक्के चाळीसच्या वर जातात. आण्णांना या कार्डाचा पैशात उपयोग थोडाच. एसटीत त्यांच्या वयाच्या सगळ्यांनाच अर्धं तिकीट आहे. रेल्वेनं सवलत दिलेल्या आजारांत कर्करोग आहे, थॅलेसेमिया आहे, पार्किन्सन्स नाही. बाहेर आल्यावर मी विचारतो, मग कार्ड कशासाठी? “गावात म्हणत्यात, म्हातारा दुपारीच पिऊन झुलतोय. तीस वर्सं तिकिटं फाडली, कधी थेंब न्हाई घेतला. आता कार्ड दाखवीन.”

बाईंचा नंबर पाऊण वाजता लागतो. बाराची गोळी पुरती चढलीय. त्या सरळ चालत आत जातात, खुर्चीत बसतात, नाकाला बोट लावतात, कागदावर ओळ लिहितात. ओळ जरा बारीक, पण वाचता येते. “मॅडम, तुम्ही तर छान आहात,” फिजिशियनबाई म्हणतात, आणि त्यात तुच्छता अजिबात नाही. ताई वही पुढं सरकवतात: कुठली गोळी किती वाजता, कधी चढली, कधी उतरली, उतरल्यावर काय जमलं नाही. डॉक्टर चार पानं खरंच वाचतात. “मला पटतंय हो. पण मी डोळ्यांनी पाहीन तेच लिहिणार. बोगस दाखल्यांच्या चौकशा चालल्यात, उद्या मलाच विचारतील.”

ताई हटत नाहीत. मेंदूत तारा बसवायच्या शस्त्रक्रियेआधी न्यूरॉलॉजिस्ट स्वतःच्या देखरेखीखाली रात्रभर औषध थांबवून ‘ऑफ’ मोजतात, मग औषध देऊन ‘ऑन’ मोजतात. टक्क्यांसाठी तेच का करू नये? डॉक्टर पेन टेबलावर आपटत क्षणभर गप्प राहतात. त्या फिजिशियन आहेत, या रुग्णालयात न्यूरॉलॉजिस्ट नाही. शेवटी त्या बाईंना वैद्यकीय महाविद्यालयाकडं पाठवायचं लिहितात, आणि कुणी न सांगता खाली एक ओळ जोडतात: तपासणी 12.45, औषधाची मात्रा 12.00. माझ्या मते आजच्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम ते आहे. पण ते एका भल्या डॉक्टरच्या मर्जीनं झालं, आणि मर्जीवर दाखले चालत नाहीत.

व्हरांड्यात ताई दिव्यांग कल्याण विभागाला द्यायच्या निवेदनावर सह्या घेतायत. मागणं मोठं नाही. पार्किन्सन्सच्या तपासणीत गोळीची वेळ नोंदवणं सक्तीचं करा, टक्के ‘ऑफ’ धरून ठरवा, आणि न्यूरॉलॉजिस्टची नोंद ग्राह्य माना. जेम्स पार्किन्सननं हा आजार 1817 साली कागदावर आणला. दोनशे वर्षांनी आपला कायदा लागू झाला. अर्जाच्या नमुन्यात एक रकाना वाढवायला तेवढा वेळ लागू नये. आण्णा सही करतात, मुंगीएवढी. बाई करतात. वॉर्डबॉयही करतो.

तुमच्या घरात असा कुणी असेल तर बोर्डाच्या तारखेची वाट न पाहता आजच वही सुरू करा. गोळीची वेळ, चढल्याची वेळ, उतरल्याची वेळ लिहा. गोळी उतरलेली असताना चालण्याचा, बटण लावण्याचा व्हिडिओ तारीख-वेळेसह घ्या. वहीवर तुमच्या न्यूरॉलॉजिस्टची सही-शिक्का घ्या. दाखल्यासाठी गोळी चुकवू नका. बोर्ड वही उघडेलच असं नाही; तरी तिची प्रत अर्जाला जोडा आणि खिडकीवरून पोच घेतल्याशिवाय हलू नका.