काडी, भिंत आणि आजीची एकादशी

आधीच सांगून टाकते, मी पहिलीपासून कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील तर त्यांचे आभार, राहिल्या असतील तर तुम्ही सांभाळून घ्या!

विषय तसा साधा. टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक घरच्या वायफायला जोडणे. यात लेख लिहिण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं...

तर झालं असं. २०२४ च्या पावसाळ्यात माझी आजी घरातच पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण फिरणं बंद. आमचं घर वाईला, जुनं, दगडी. आजीची कॉट माजघरात हलवली आणि तिच्या मागोमाग टीव्ही. केबलची वायर तिथपर्यंत पोचेना म्हणून बाबांनी स्टिक आणली. आजीची मागणी एकच होती. दरवर्षी कार्तिकीला ती पंढरपूरला जायची. या वेळी नाही जाता येत, तर निदान लाईव्ह दर्शन मोठ्या पडद्यावर दिसू दे, मोबाईलवर तिला धड दिसत नाही. एकादशी १२ नोव्हेंबरला होती. मी दिवाळीला घरी गेले तर बाबा शेजारीपाजारी सांगून बसलेले, "आमची इंजिनिअर येतेय, ती लावेल."

मी ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला. दहा मिनिटांचं काम, म्हटलं. लागले तब्बल चार दिवस!

स्टिक टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खोचली, तिची वीजेची वायर टीव्हीच्याच यूएसबीला लावली. स्टिक सुरू झाली, वायफायचं नाव दिसलं, पासवर्ड टाकला... आणि पडदा काळा. पुन्हा कंपनीचा लोगो, पुन्हा पहिल्यापासून. मला संशय आला की वीज कमी पडतेय. बॉक्समधला ॲडाप्टर काढून भिंतीच्या सॉकेटला लावला. काळं होणं थांबलं, पण दर्शन काही लागेना. नुसतं चक्र गोल गोल फिरतंय, मग कनेक्शन गेलं. म्हणजे दोष वीजेत नव्हता तर, असं ठरवून मी ॲडाप्टर काढला आणि वायर पुन्हा यूएसबीला लावली. (सॉकेट आजीच्या रात्रीच्या दिव्याला हवं होतं, हेही कारण.)

इथेच मी फसले. दोष दोन होते, एकावर एक बसलेले. पहिला काढला तरी दुसऱ्यामुळे गाडी अडलेलीच, म्हणून मी बरोबर केलेली दुरुस्ती स्वतःच्या हाताने उलटवली. पुढचे दोन दिवस राऊटर बंद-चालू, स्टिक फॅक्टरी रिसेट, पुन्हा बंद-चालू. शेवटी आजीच म्हणाली, "राहू दे गं बाळा. मी आपली रेडिओवर ऐकीन." ती चिडली असती तर बरं झालं असतं!

त्या रात्री मी वही घेऊन बसले. वायफाय लागणं ही एक गोष्ट नसते, ती साखळी असते. वीज, मग रेडिओ, मग पासवर्ड, मग पत्ता, मग बाहेरचं इंटरनेट. कडी कुठली तुटलीय हे एकेक करून बघायचं, आणि तपासलेली कडी पुन्हा हलवायची नाही.

वीजेचं गणित सोपं आहे. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॅट मिळायची हमी असते. आमच्या स्टिकच्या ॲडाप्टरवर लिहिलंय ५ व्होल्ट, १ अँपिअर. म्हणजे दुप्पट. नुसता मेनू दाखवताना निभावतं, पण वायफायचा रेडिओ जोरात बोलायला लागला की जास्त करंट लागतो, व्होल्टेज पडतं आणि स्टिक बेशुद्ध! ॲडाप्टर परत लावला. दिव्याला एक्स्टेंशन बोर्ड आणला.

पासवर्डची कडी ठीक होती. त्यातली गंमत अशी की पासवर्ड हवेतून जातच नाही. राऊटर आणि स्टिक दोघंही त्यावरून आपापली किल्ली तयार करतात आणि ती जुळते का एवढंच बघतात. त्यामुळे रिमोटने टाईप करताना एक कॅपिटल अक्षर चुकलं तरी सगळं फुकट. 'अक्षरं दाखवा' हा पर्याय चालू करूनच टाईप करा.

पत्त्याच्या कडीवर होस्टेलवाल्यांसाठी थोडं थांबते. घरचा राऊटर जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला आयपी ॲड्रेस देतो आणि काम होतं. होस्टेलच्या वायफायवर पत्ता मिळतो, पण पुढे लॉगिनचं पान उघडून नाव-पासवर्ड भरावा लागतो. बऱ्याच स्टिकना ते पान नीट उघडता येत नाही, म्हणून 'कनेक्टेड' दिसतं पण इंटरनेट नाही. शिवाय अशा नेटवर्कवर बऱ्याचदा एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशी सोय केलेली असते, त्यामुळे मोबाईलवरून कास्ट करायला गेलात तर टीव्ही सापडतच नाही. उपाय म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट, पण एचडी चित्राला तासाला साधारण ३ जीबी जातात हे मॅच लावण्याआधी लक्षात असू द्या. (रेक्टर सर, ही निव्वळ तांत्रिक माहिती आहे.)

असो. आमची खरी तुटलेली कडी रेडिओचीच होती. राऊटर बाहेरच्या खोलीत, मध्ये दीड फुटाची दगडी भिंत. राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर एकाच नावाने चालत होता आणि स्टिक वेगाच्या लोभाने ५ ला चिकटत होती. ५ वेगवान खरा, पण दगडी भिंतीतून जाताना तो २.४ पेक्षा लवकर दमतो. त्यात स्टिक टीव्हीच्या मागे, पत्रा आणि भिंतीच्या फटीत. मोबाईल आजीच्या कॉटवर धरला तर सिग्नलच्या तीन काड्या, टीव्हीच्या मागे धरला की एक. ही तपासणी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती, फुकट होती!

राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली आणि स्टिक २.४ ला जोडली. एचडी चित्राला ५ एमबीपीएस मिळाले तरी भागतं, त्यामुळे कमी वेगाचं दुःख नाही. बॉक्समध्ये वीतभर लांबीची एचडीएमआय वायर पडून होती, ती लावून स्टिक टीव्हीच्या बाजूला बाहेर काढली. २.४ वर गर्दी मात्र फार. मायक्रोवेव्हसुद्धा त्याच फ्रिक्वेन्सीच्या आसपास चालतो, त्यामुळे आईने दूध गरम केलं की चित्र कधीकधी अडखळतं.

एकादशीला आजीने मला पहाटे दोनलाच उठवलं. चक्र दोनदा फिरलं आणि विठ्ठल दिसला, मोठा, अगदी कमरेवरच्या हातांसकट. आजीने बसल्या जागी हात जोडले. मग म्हणाली, "आवाज कमी कर, तुझे बाबा उठतील."

निघताना मी सगळ्या पायऱ्या मराठीत एका कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवल्या. डिसेंबरमध्ये घरी गेले तेव्हा कागद तिथेच होता. आजीने त्यातले ऱ्हस्व-दीर्घ पेन्सिलने सुधारले होते.